शेवटचं शून्य

मी एका माध्यमिक शाळेत लिपिक आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या ५२ मुलींना एका संस्थेची शिष्यवृत्ती मंजूर झाली, प्रत्येकी २,४०० रुपये. नावं आणि खातेक्रमांक एक्सेलमध्ये भरून पाठवायचे होते. गावातल्या सगळ्यांची खाती एकाच बँकेत, आणि तिथले खातेक्रमांक १६ अंकी. पासबुकांच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन मी भरायला बसले.

समजा क्रमांक ९८७६५४३२१०१२३४५७ असा आहे. तो टाइप करून एंटर दाबलं की सेलमध्ये ९.८७६५४ई+१५ असं काहीतरी उमटायचं. पूर्ण आकडा दिसावा म्हणून मी यादी भरून झाल्यावर सगळा कॉलम निवडला, कंट्रोल धरून १ दाबलं, ‘फॉरमॅट सेल्स’मध्ये ‘नंबर’ निवडलं आणि दशांशाची स्थळं शून्य केली. सगळे आकडे सोळाच्या सोळा दिसायला लागले. फाइल पाठवून दिली.

तीन आठवड्यांनी कळलं की फक्त सहा मुलींचे पैसे जमा झाले, बाकीचे परत गेले. त्याच दिवशी एक आई मजुरी बुडवून शाळेत आली. म्हणाली, “मॅडम, शेजारच्या पोरीचे आले. आमच्याच पोरीचं काय चुकलं?” तिच्या पोरीचं काहीच चुकलं नव्हतं.

मी झेरॉक्स पडद्याशेजारी धरली. पासबुकात शेवटचा अंक सात, पडद्यावर शून्य. दुसरी पाहिली, पासबुकात तीन, पडद्यावर शून्य. वरपासून खालपर्यंत ५२ खाती शून्यावर संपत होती. ज्या सहा मुलींच्या खात्याच्या शेवटी मुळातच शून्य होतं, तेवढ्यांचेच पैसे पोचले होते.

एक्सेल कोणत्याही संख्येचे १५ अंकच खरे धरतं. सोळावा अंक एंटर दाबताक्षणी शून्य होतो, आणि तो परत मिळत नाही. मी जे केलं ते त्याच्या नंतरचं. फॉरमॅट बदलल्याने आकडा कसा दिसतो तेवढंच बदलतं, आत काय साठलंय ते बदलत नाही. मी दिसणं दुरुस्त केलं आणि समाधान मानलं. त्या ई+१५ कडे पाहून थांबले असते तर बरं झालं असतं. आकडा नीटनेटका दिसायला लागल्यावर शंका यायचं कारणच उरलं नाही.

तेव्हापासून माझा नियम असा: ज्याची कधी बेरीज करायची नाही, ती संख्या नव्हे. खातेक्रमांक, आधार, मोबाइल, जनरल रजिस्टर नंबर, सगळं अक्षरं म्हणूनच भरायचं. कॉलम रिकामा असतानाच तो निवडून ‘टेक्स्ट’ करायचा, मग पहिला आकडा टाइप करायचा. एखाददुसरा सेल असेल तर आधी एकेरी अवतरणचिन्ह टाकलं तरी चालतं. सुरुवातीची शून्यंही त्यामुळे गळत नाहीत. आणि फाइल सीएसव्ही म्हणून ठेवली तर हे सगळे फॉरमॅट पुसले जातात. ती डबल क्लिक करून उघडली की एक्सेल पुन्हा आपल्या मनाने अर्थ लावतं. डेटा मेनूतून आत घ्या आणि तो कॉलम टेक्स्ट आहे हे स्वतः सांगा.

तारखांचंही तसंच. संगणकाची रीजन सेटिंग अमेरिकेची असेल तर ०५/०७/२०१२ ही ५ जुलै न राहता ७ मे होते. २५/०७/२०१२ मात्र पंचविसावा महिना नसल्यामुळे मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहते. जन्मतारखांच्या कॉलमात काही डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की उजवीकडच्या आधी तपासा, कारण खरा घोळ तिथे असतो. यंत्राच्या अशा परस्पर अर्थ लावण्याने भले भले बेजार झालेत. ‘सेप्ट१’, ‘मार्च१’ अशा जनुकांच्या नावांच्या एक्सेल तारखा करत असे, म्हणून शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच बदलली.

आता मी प्रत्येक वेळी हाताने फॉरमॅट देत नाही. ‘होम’मध्ये ‘सेल स्टाइल्स’ आहे. तिथे मी ‘खातेक्रमांक’, ‘तारीख’, ‘रक्कम’ अशा नावांच्या स्टाइल करून ठेवल्यात. लोक स्टाइल म्हणजे रंग आणि ठळक अक्षरं समजतात, पण टेक्स्ट की नंबर हेही तिच्यात बसतं. मुख्याध्यापिकाबाईंनी छपाईसाठी अक्षर मोठं मागितलं तर स्टाइलवर राइट क्लिक करून ‘मॉडिफाय’, एकदाच. मात्र स्टाइल त्या त्या फाइलपुरतीच राहते. म्हणून एक कोरी फाइल सगळ्या स्टाइलसकट जपून ठेवा आणि नवी यादी तिच्या प्रतीवरच करा. लिब्रेऑफिस कॅल्क वापरत असाल तर एफ११ दाबा, तिथेही हेच आहे.

रंगावर मात्र भिस्त ठेवू नका. माझ्या पिवळ्याचा अर्थ ‘पासबुक यायचंय’ होता, सहकाऱ्याच्या पिवळ्याचा ‘आधार जुळत नाही’. रंगावर फिल्टर लागतो, पण काउंटइफला रंग मोजता येत नाही. शेजारी ‘शेरा’ नावाचा कॉलम घ्या आणि शब्दांत लिहा.

मी सगळी यादी पासबुकांवरून पुन्हा भरली, दुसऱ्याकडून वाचून घेतली आणि नव्याने पाठवली. उरलेल्या ४६ मुलींचे पैसे दिवाळीनंतर जमा झाले. तोवर दोघी शाळा सोडून गेल्या होत्या. अशी यादी तुमच्या हाती असेल तर पाठवण्याआधी पाच पासबुकं काढा आणि शेवटचा अंक ताडून पाहा.