हात नाही गं, टीव्ही मंद आहे

राणी, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, माझे हात मंदावलेत. आता हे खेळ माझ्याच्याने होत नाहीत." ते ऐकून जिवाला लागलं, कारण तीन महिने मीही मनाशी हेच म्हणत होते. नवा मोठा टीव्ही आणला आणि 'सेकिरो'मध्ये समोरच्याची तलवार अडवणं जमेनासं झालं. बटण वेळेवर दाबलं असं वाटायचं, तरी वार बसायचाच. शेवटी एकदा कन्सोल मैत्रिणीकडे नेला. तिच्या जुन्या मॉनिटरवर दुसऱ्या फेरीतच जमलं. हात तेच होते.

दोष टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये होता. आलेलं चित्र टीव्ही जसंच्या तसं दाखवत नाही. आधी त्याची खरखर काढतो, कडा उठावदार करतो, हालचाल मऊ करतो. यातलं हालचाल मऊ करणं सर्वांत घातक. दोन चित्रांच्या मधलं चित्र तयार करायचं तर पुढचं चित्र येईपर्यंत टीव्हीला थांबावंच लागतं. खेळ सेकंदाला ६० चित्रं देत असेल, तर एक चित्र साधारण १७ मिलिसेकंदांचं. या सगळ्या प्रक्रियेत टीव्ही १०० मिलिसेकंद मागे पडला, तर तू सहा चित्रं जुना शत्रू बघत असतेस. त्याच्याशी कितीही चपळाईने लढलीस तरी काय उपयोग?

म्हणून सगळ्यात आधी गेम मोड लाव. त्यात यातली बहुतेक कामं बंद होतात. ही सेटिंग बऱ्याच टीव्हींवर त्या त्या एचडीएमआय पोर्टपुरतीच असते, त्यामुळे आईच्या मालिकेच्या चित्राला धक्का लागत नाही. हे तिला आधीच सांगून ठेव. टीव्हीत ऑटो लो लेटन्सी असेल तर तेही चालू कर, म्हणजे कन्सोल सुरू होताच गेम मोड आपोआप लागेल.

मग पोर्ट बघ. पीएस५ असेल तर डब्यातलीच केबल वापर आणि ४के १२० लिहिलेल्या पोर्टलाच लाव. बऱ्याच टीव्हींना अशी दोनच पोर्टं असतात. त्या पोर्टचा पूर्ण सिग्नलही सेटिंगमध्ये जाऊन उघडावा लागतो. सॅमसंगवर त्याला 'इनपुट सिग्नल प्लस' म्हणतात, सोनीवर 'एन्हान्स्ड फॉरमॅट'.

आता रंग. 'व्हिविड' दुकानातल्या झगझगाटासाठी असतं, घरासाठी नाही. रंगाचं तापमान 'वॉर्म'वर ठेव. सुरुवातीला पिवळट वाटेल, पण आठवडाभर कळ काढ, मग जुनं चित्र निळं वाटायला लागेल. शार्पनेस वाढवून बारकावे वाढत नाहीत, कडांभोवती पांढरी रेघ तेवढी येते. सोनीवर ५० म्हणजे काहीच न वाढवलेलं, सॅमसंगवर शून्याच्या जवळ. खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र मंद करणारा सेन्सरही बंद कर. अंधाऱ्या गुहेत तो फार छळतो.

एचडीआरपाशी मात्र घाई करू नकोस. टीव्हीवरचं डायनॅमिक टोन मॅपिंग चालू असेल, तर कन्सोलही उजेड जुळवतो आणि टीव्हीही, जसं एकाच आमटीत दोघींनी मीठ घालावं. मग ढग पांढरेफटक होतात, त्यातला आकारच जातो. टीव्हीत एचजीआयजी असा पर्याय असेल तर तो निवड. त्यानंतर पीएस५च्या 'स्क्रीन अँड व्हिडिओ'मध्ये 'अ‍ॅडजस्ट एचडीआर' उघड. तीन पडदे येतील. प्रत्येकावरची खूण जेमतेम दिसेल इथवर आण आणि तिथेच थांब. "अजून थोडं उजळ करू" हा मोह मलाही झाला होता आणि सगळं पुन्हा करावं लागलं. हे काम तू रोज ज्या उजेडात खेळतेस त्याच उजेडात कर. भर दुपारी पडदे उघडे ठेवून केलंस तर रात्री उपयोगाचं नाही.

बाकी गॅमा, टिंट यांना हात लावू नकोस. इंटरनेटवरच्या कुणाच्या टीव्हीचे आकडेही उतरवून घेऊ नकोस. एकाच मॉडेलचे दोन टीव्हीसुद्धा अगदी सारखे नसतात.

आज रात्री एवढं कर आणि ज्या शत्रूपाशी अडलीस त्याच्याकडेच परत जा. मग मला फोन कर, मी अकरापर्यंत जागी असते.