पावसाचीही वही ठेवू या

तायांनो, "यंदा पाऊस बरा झाला" असं आपण म्हणतो, तेव्हा मनात असते ती वर्षाची बेरीज. पण गटाच्या वहीत आपण नुसत्या बेरजेवर विसंबतो का? मार्चअखेर बचत पूर्ण दिसली, तरी कुणाचे चार महिने थकले आणि कुणी शेवटी एकदम भरले, ते आतल्या पानांवरच कळतं. पावसाचंही तसंच आहे.

मांजरा नदीचं बघा. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगवणारी ही गोदावरीची उपनदी. धनेगावला तिच्यावर धरण आहे आणि लातूर शहराला पाणी तिथूनच येतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये धरण आटलं, म्हणून मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर. त्याच वर्षी सप्टेंबर संपता संपता असा पाऊस कोसळला की धरण भरलं आणि शेताशेतांत पाणी शिरलं. सहा महिन्यांच्या आत दुष्काळ आणि पूर, एकाच नदीला! २०२१ च्या सप्टेंबरात गुलाब चक्रीवादळाच्या पावसानं मांजरेला पुन्हा पूर आला. आणि २०२३ चा ऑगस्ट? १९०१ पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झालाच नव्हता.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासल्या. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीच्या घरात गेल्या. पावसाळ्याची एकूण बेरीज मात्र वाढली नाही, उलट घटली. हवा एका अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. ते साठतं आणि मग एकदम ओततं.

समजा, दोन वर्षं ६०० मिलिमीटरच पाऊस झाला. एका वर्षी ४० दिवस, रोज १५. दुसऱ्या वर्षी १५ दिवस, रोज ४०. बेरीज एकच, पण रान वेगळं. आपली काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात, मग पाणी आत मुरायला वेळ लागतो. सावकाश पडला तर तेवढी सवड मिळते. तासाभरात ओतला तर बांध फोडून मातीसकट नाल्याला जातो. पूर येऊन गेलेल्या गावातही उन्हाळ्यात टँकर का लागतो, ते यावरून समजेल.

आता मोजायचं कसं? तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचा एक डबा घ्या. बादली नको, ती वर रुंद असते. झाड, वळचण यांपासून लांब, उघड्यावर ठेवा आणि कलंडू नये म्हणून भोवती दगड लावा. रोज सकाळी साडेआठला पोराच्या पट्टीनं पाणी मोजा. हवामान खातंही तेव्हाच मोजतं. पट्टीचा शून्य कडेपासून सुरू होतो ना, ते आधी बघा, नाहीतर रोज थोडं चुकेल. मोजलं की डबा रिकामा करा. पाऊस नसेल त्या दिवशी जागा कोरी सोडू नका, शून्य लिहा. कोरी जागा म्हणजे बघितलंच नाही. अडीच मिलिमीटर किंवा जास्त झाला तर तो पावसाचा दिवस धरा.

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की सरकारी कागदावर अतिवृष्टी. एकराच्या रानात ते अडीच लाख लिटरहून जास्त पाणी होतं. मंडळाचं मापक आपल्या शिवारापासून लांबही असू शकतं. आपली वही सरकारी पुरावा नाही, पण ग्रामसभेत तारखेसकट बोलता येतं.

पेरणीआधी ती सगळ्यात कामाची. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. एका सरीनं जमीन वरवर भिजते, शेजारच्या रानात तिफण चालू झालेली दिसते आणि घरातली माणसं घाई करतात. मग उघडीप पडली की दुबार पेरणी, म्हणजे बियाण्यासाठी गटाकडे दुसऱ्यांदा कर्जाचा अर्ज. तेव्हा जूनच्या बैठकीत कर्ज वाटण्याआधी वही उघडून बेरीज वाचा. ऑगस्टच्या बैठकीत सलग शून्यं मोजा. फुलात, शेंगेत असलेल्या सोयाबीनला पंधरा-वीस दिवस पाणी नसेल, तर ऑक्टोबरच्या हप्त्याचं बोलणं त्याच बैठकीत काढा, थकल्यावर नको.