पाच मांजरं, पाच बिऱ्हाडं

घरात पाच मांजरं आहेत म्हटलं की समोरचा आधी हळूच हवा हुंगतो आणि मग विचारतो, ‘एकमेकांशी छान खेळत असतील ना?’ खेळतात, अधूनमधून. बाकीचा वेळ जागा वाटून घेण्यात जातो. ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मांजरांबरोबर बरीच वर्षं काढल्यावर जे हाती लागलं, ते खाली देतेय.

१. मांजरांचा कळप नसतो

आपल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. ते एकट्यानं शिकार करतं, आणि शिकार असते उंदराएवढी. त्यात वाटेकरी कोण घेणार? त्यामुळे ‘आपण सगळे’ ही कल्पना मांजराच्या डोक्यात मुळातच अंधूक आहे. मायलेकी किंवा एका वेतातली भावंडं एकमेकांना चाटतात, अंगावर अंग टाकून झोपतात. बाकीच्यांचं नातं चाळीतल्या बिऱ्हाडांसारखं: गॅलरी सामाईक, चूल वेगळी.

म्हणून पाच वाट्या एका ओळीत मांडल्या तर फोटो छान येतो, जेवणाचा मात्र विचका होतो. आमच्याकडे एक ओट्याच्या टोकाला जेवते, एक कपाटावर, एक बेडरूममध्ये दार लोटून. दादागिरी नेहमी मारामारीतच दिसते असंही नाही. आमचा गुंड्या कुणाला बोचकारत नाही. तो फक्त स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडवा पसरतो आणि टक लावून बघतो. येणारी मांजर थबकते, पंजा चाटल्यासारखं करते आणि मागे वळते. पाहुण्यांना वाटतं, किती शहाणी! ती बिचारी उपाशी गेलेली असते. अशा वेळी बोक्यावर ओरडून काही होत नाही, दुसरी वाट काढून द्यावी लागते. आम्ही भिंतीवर कपाटापर्यंत फळ्या ठोकल्या. फ्लॅटची जमीन वाढत नाही, पण मांजरांसाठी उंचीही जमीनच असते.

२. पेट्या मोजून ठेवा

मांजरं जितकी, त्याहून शी-शूच्या वाळूची एक पेटी जास्त. पाचांना सहा. एका कोपऱ्यात तीन पेट्या चिकटून ठेवल्या तर मांजराच्या हिशेबी ती एकच, कारण एकटा गुंड्या तिन्हींवर पहारा देऊ शकतो. गादीवर मुतणारं मांजर सूड घेत नसतं. आधी डॉक्टर, मग पेटीची जागा, मग वाळू बदलून बघायची.

आणि बोका पुन्हा पुन्हा पेटीत बसून जोर करतोय पण थेंब येत नाही, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत जाऊ शकतो.

३. ओळख नाकानं होते

नव्या मांजराला आल्या आल्या सगळ्यांसमोर ठेवू नये. बंद दार, दोन्हीकडे जेवणाच्या वाट्या, अंगाखालच्या फडक्यांची अदलाबदल, आणि मग कधीतरी फटीतून दर्शन. यात आठवडे जातात, जाऊ द्यावेत. गंमत म्हणजे दवाखान्यातून परतलेल्या जुन्या मांजरालाही घरची मंडळी फिसकारतात, कारण त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास असतो. त्यालाही काही तास वेगळ्या खोलीत ठेवलं की तंटा टळतो.

४. भांडणात हात घालू नका

उशी, ताट, पुठ्ठा, काहीही मध्ये सरकवा. मांजराचा दात सुईसारखा आत जातो. वरून जखम इवलीशी दिसते आणि आत पू धरतो. साबणानं धुऊन डॉक्टरकडे जाणं आलंच. रेबीजचाही प्रश्न असतो.

पुष्कळदा भांडणाचं कारण भांडणाऱ्यांत नसतंच. खिडकीबाहेर परका बोका दिसतो, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, मग राग शेजारी बसलेलीवर निघतो. दिवाळीच्या फटाक्यांनीही हेच होतं. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला कागद चिकटवल्यावर आमच्याकडे बरीच शांतता झाली.

५. खाऊ

हा विषय लांबणार, कारण मांजराचं प्रकृतिमान बिघडवणारे सगळे प्रेमळ असतात. चार किलोच्या घरबशा मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. खाऊ त्याच्या दहा टक्क्यांत बसला पाहिजे, म्हणजे २०-२५ कॅलरी. आता आजी सकाळी एक मांदेली देते, मुलगा दुपारी पाकिटातली गोळी देतो, संध्याकाळी मी. प्रत्येकाचा समज, मीच तेवढी देतेय. उपाय साधा: प्रत्येक मांजराच्या नावाची छोटी डबी, दिवसाचा खाऊ तिच्यात. डबी रिकामी, विषय संपला.

दूध हा आपला पिढीजात गैरसमज. मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि पोट बिघडतं. गोडाची तर त्यांना चवच नाही. गोड ओळखणाऱ्या ग्राहीचा एक जनुक मांजरकुळात निकामी झालेला आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. श्रीखंडात तोंड घालणारी मनी आंबटगोड चवीसाठी नव्हे, स्निग्धासाठी येते. कांदा-लसूण घातलेलं काहीही देऊ नये, त्यानं तांबड्या रक्तपेशी फुटतात. मटणाचा रस्सा त्यात आलाच, आजींना वाईट वाटलं तरी.

खाऊ लाडापेक्षा कामासाठी वापरावा, असं माझं मत. एक नख कापलं, एक तुकडा. पिंजऱ्यात आपणहून गेली, दोन तुकडे.

आणि एक फुकटचा खाऊ: पावसाळ्यात कुंडीत आपोआप उगवणारी खोकली उपटली, की तिच्या मुळाच्या वासानं पुष्कळ मांजरं वेडी होऊन लोळतात. आमच्यातल्या दोघी लोळतात, बाकीचे ढुंकून बघत नाहीत.

६. पॅरासिटामॉल कधीही नाही

अर्धी गोळीही जीव घेते. खऱ्या लिलीची फुलं घरात नकोत, मूत्रपिंड निकामी होतात. कुत्र्याच्या गोचिडांवरचे थेंबही मांजराला लावू नयेत.

७. नसबंदी लवकर

मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. ‘एकदा तरी पिल्लं होऊ दे’ म्हणणाऱ्यांनी ती पिल्लं आपल्या घरी न्यावीत.

८. म्हातारपण काट्यावर आधी दिसतं

मांजर दुखणं लपवतं. म्हणून महिन्यातून एकदा वजन. आपण मांजराला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटं, आणि वजाबाकी. आमच्या मनीचं वजन हळूहळू उतरत होतं आणि ती पाणी जास्त पीत होती. रक्ततपासणीत मूत्रपिंडाचा आजार निघाला. म्हाताऱ्या मांजरांत तो फार आढळतो. घरीच कातडीखाली सलाईन द्यायला डॉक्टरांनी शिकवलं आणि त्यावर तिनं बराच काळ आरामात काढला.

शेवटी इंजेक्शन देऊन शांत करायचं का, हा प्रश्न आला. माझी कसोटी अशी: ती स्वतः खाते का, पेटीपर्यंत जाते का, अंग चाटते का. तिन्ही थांबलं, तेव्हा आम्ही डॉक्टरांना घरी बोलावलं. आणखी चार दिवस ओढणं तिच्यासाठी झालं नसतं, आमच्यासाठी झालं असतं.

नंतर कुठे न्यायचं, याची चौकशी आधीच करून ठेवावी. मुंबई महापालिकेनं २०२३ मध्ये मालाडला छोट्या प्राण्यांसाठी दहनाची सोय केली. इतर गावांत वेगवेगळी व्यवस्था असते. रडत रडत फोन नंबर शोधण्याची वेळ येऊ नये.

९. गेल्यावर उरलेल्यांकडे बघा

लोक म्हणतात, ‘मांजरच होतं ना.’ त्यांना उत्तर देण्यात शक्ती घालवू नये, ती घरात लागते. मनी गेल्यावर धाकटी रात्री घरभर ओरडत फिरली आणि खाणं टाकून बसली. मांजरानं दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर, विशेषतः ते लठ्ठ असेल तर, यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. तेव्हा आपलं दुःख बाजूला ठेवून कोमट केलेलं खाणं हातानं भरवावं लागतं. गुंड्यानं मात्र दुसऱ्याच आठवड्यात फ्रिजवरची मनीची जागा घेतली. मला राग आला होता. पण जागा रिकामी झाली की सगळ्यांचाच नकाशा नव्यानं आखला जातो, त्याला वेळ द्यावा.

१०. नवं पिल्लू लगेच नको

‘दुसरं आणा, बरं वाटेल’ असं सांगणारे शेजारी मनानं चांगले असतात. पण सोळा वर्षांच्या मांजरांना चार महिन्यांचं पिल्लू म्हणजे शिक्षा. शिवाय आधीचं मांजर पॅनल्यूकोपेनिया या विषाणूच्या आजारानं गेलं असेल, तर तो विषाणू घरात वर्षभर तग धरू शकतो. फिनेलनं तो मरत नाही, उलट फिनेल मांजरांनाच बाधतं. पातळ केलेलं ब्लीच लागतं, लादीवर दहा मिनिटं तरी राहू द्यायचं आणि मग पाण्यानं पुसून घ्यायचं. त्यानंतरही आणायचंच असेल, तर लसीचे डोस पूर्ण झालेलं, वयानं जरा मोठं मांजर आणावं. अशी मांजरं सगळ्या संस्थांत वाट बघत असतात. लोक पिल्लांवरच भाळतात.