डवऱ्याचं हँडल कसं निवडावं?

प्रश्न : पऱ्हाटीत हातानं ढकलायचा सायकल डवरा चालवतो. जुन्या सायकलचं हँडल लावलंय. ते जोडाजवळ वाकतं आणि मनगटं दुखतात. भक्कम हँडल कोणतं घ्यावं?
– एक शेतकरी, देवळी (जि. वर्धा)

उत्तर : भाऊ, हँडल वाकतं ते मुठीपाशी नाही, जोडापाशी. सगळा जोर तिथंच येतो आणि वेल्डिंगनं तिथली पातळ नळी आणखी कमजोर होते. सायकलच्या हँडलची नळी मुठीजवळ साधारण 22 मिलिमीटरची असते. त्याऐवजी 25 मिलिमीटरची, 2 मिलिमीटर जाडीची लोखंडी नळी घ्या. जाडी तीच ठेवून नुसता व्यास एवढा वाढवला तरी नळी जवळपास दीडपट ताठ होते. जोडाला दोन्ही बाजूंनी तिकोनी पट्टी मारून घ्या. मोटोक्रॉसच्या (मातीतल्या शर्यतीच्या) बऱ्याच गाड्यांची हँडलं मध्ये जोडापाशी जाड, मुठीकडे बारीक असतात, ती जोर तिथं येतो म्हणूनच. ॲल्युमिनियमचं दिसायला छान असतं, पण गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे ते लोखंडाला जोडलं जात नाही. त्याच्या नादी लागू नका.

मनगटाचं दुखणं मात्र नळीचं नसून उंचीचं असावं. ताठ उभं राहिल्यावर मूठ कोपरापेक्षा थोडी खाली यायला हवी. दांड्याला तीन-चार भोकं पाडून बोल्ट लावा, म्हणजे घरातल्या बाईमाणसालाही आपल्या उंचीचं करता येईल. मुठीची टोकं किंचित मागे वळवा, मनगट सरळ राहतं. वर रबरी ग्रिप चढवा.

आणि काळी जमीन चिकट असताना डवरू नका. वाफसा येऊ द्या. ओल्या चिखलात कुठलंही हँडल वाकेल.