रंग वाळेपर्यंत

घरी बसून चित्रं काढणाऱ्या माणसाचं लक्ष कशानं उडतं, असं विचारलं की बहुतेक जण घराकडेच बोट दाखवतात. दाराची बेल, कुरिअरवाला, कुकरच्या शिट्ट्या, ‘जरा दूध बघ गं’ अशी हाक. जलरंगात काम करणारी मीही बराच काळ घरालाच दोष देत आले. आता तसं वाटत नाही. घरातली कामं मध्ये येतात हे खरं, पण ती संपतात. तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद केला, विषय मिटला. फोनवरची करमणूक संपतच नाही, आणि घरून काम करणाऱ्या कलाकाराचं खरं नुकसान त्या न संपण्यातून होतं. हे नुकसान ब्रश चालू असताना होत नाही. ब्रश खाली ठेवल्यावर जो वेळ रिकामा वाटतो, त्यात ते होतं.

जलरंगात हा वेळ रिकामा नसतो. कागद ओला करून आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, दिला की हात थांबतो आणि डोळ्यांचं काम सुरू होतं. आधी कागद लखलखत असतो. मग ती चकाकी एका कडेपासून मंदावत जाते. ती पूर्ण गेली तरी बोटाची मागची बाजू टेकवली तर कागद गार लागतो, म्हणजे आत अजून ओल आहे. ढगाची मऊ कड हवी असेल तर चकाकी मंदावत असतानाच, ब्रशात पाणी कमी आणि रंग जास्त घेऊन टेकवावं लागतं. उशीर झाला आणि ब्रशात पाणी जास्त राहिलं, तर ते अर्धवट वाळलेला रंग पुढे ढकलत नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कड असलेला डाग उमटतो. तो सहसा पुरता निघत नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ही संधी बघता बघता निघून जाते, जुलैत तोच कागद कितीतरी वेळ ओला राहतो. त्यामुळे घड्याळ लावून हे जमत नाही, समोर बसून बघावंच लागतं. बघता बघता पुढचे निर्णयही होतात: पांढरा कुठे राखायचा, कुठली छटा वाळल्यावर फिकी पडेल, झाड डावीकडे हवं की नकोच. चित्राचा विचार बराचसा याच वेळात होतो.

नेमका तेव्हाच हात फोनकडे जातो, कारण पाच मिनिटं मोकळी आहेत असं वाटतं. पण त्या पडद्याला तळ नाही. खाली सरकवत राहावं आणि नवं येत राहावं, ही रचना अझा रास्किन या अमेरिकी डिझायनरनं 2006 मध्ये केली, आणि पुढे त्यानंच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आपल्याकडे जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले, सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली. काही सेकंदांच्या व्हिडिओंची सवय तेव्हापासून घरोघरी रुजली. सोफी लेरॉय या संशोधिकेनं 2009 मध्ये दाखवलं, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तर लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. माझ्या मते रील्सच्या बाबतीत हे दुप्पट लागू होतं. आपण अर्धवट चित्र सोडून फोनकडे जातो, आणि जे कधी पूर्ण होणारच नाही असं काहीतरी सोडून चित्राकडे परततो. दोन्ही वेळा मन थोडं मागेच राहतं.

यावर पहिला आक्षेप कलाकारांचाच असतो: आम्ही चित्रांचेच व्हिडिओ बघतो, त्यातून शिकतो, प्रेरणा मिळते. शिकायला मिळतं, यात वाद नाही. पण त्यात काय दिसत नाही तेही बघा. बॉब रॉसचा ‘द जॉय ऑफ पेंटिंग’ हा 1983 ते 1994 या काळातला कार्यक्रम आजही यूट्यूबवर आवडीनं पाहिला जातो, मलाही तो प्रिय आहे. अर्ध्या तासात डोंगर, तळं, झाडं सगळं उभं राहतं. पण तो ओल्या थरावर ओला तैलरंग लावायचा, त्यामुळे मध्ये वाळण्याची वाट बघावीच लागत नसे. शिवाय त्याच चित्राचा एक नमुना त्यानं आधीच काढून ठेवलेला असे. आजच्या टाइमलॅप्स रीलमध्ये तर तीन तासांचं चित्र तीस सेकंदांत येतं, आणि कापलं जातं ते थांबणं, बघणं, पुसणं. असे शंभर व्हिडिओ पाहणाऱ्याला स्वतःच्या टेबलावरचं थांबणं म्हणजे वेळ फुकट जाणं वाटू लागतं. प्रेरणेच्या नावाखाली आलेली ही अधीरता मला सर्वांत घातक वाटते.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवर, ऑर्डर व्हॉट्सॲपवर. फोन दूर ठेवून कसं भागेल? हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र चित्र टाकणं आणि चौकशांना उत्तर देणं हे काम आहे. त्याला कामासारखी वेळ द्यावी, पॅलेट धुऊन झाल्यावरची. तासाभरानं उत्तर मिळालं म्हणून गिऱ्हाईक सहसा जात नाही.

तिसरा आक्षेप मात्र मनाला भिडतो: दिवसभर एकट्यानं बसायचं, सोबत नको का? हवी. पण चित्रकाराचं भांडवल डोळे आहेत, म्हणून सोबत कानाची असावी. विविध भारती लावा, पु. लं.चं कथाकथन लावा, नाट्यसंगीत लावा. नजर कागदावरच राहते. रेखांकन, मोजमाप चालू असताना तेही बंद ठेवलेलं बरं, पण पार्श्वभूमी भरताना आवाजाची अडचण होत नाही. आणि बघण्याची हौस संध्याकाळी पुरवावी, ज्याला शेवट आहे अशा गोष्टींनी: एखादं पूर्ण नाटक, यूट्यूबवरच्या भाडिपाचा एक भाग, बॉब रॉसचं एक चित्र. पुढचं आपोआप सुरू होण्याची सोय मात्र आधी बंद करावी. मनाचा निग्रह असला की एवढं सगळं कशाला, असंही काही जण म्हणतील. तो निग्रह दिवसातून वीसदा करावा लागत असेल तर चित्रासाठी उरतो किती? फोन दुसऱ्या खोलीत ठेवला की तो एकदाच करावा लागतो.

म्हणून एवढंच करून बघा. पुढच्या चित्राचा पहिला वॉश देण्याआधी फोन आत ठेवून या, आणि कागदाची चकाकी जाईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.