कमी खर्चात ॲपला अक्कल

'एआय' म्हटलं की वाटतं, मोठा सर्व्हर हवा, भरपूर पैसा हवा. थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टच्या वेळी आमच्या ग्रुपलाही तसंच वाटलं होतं. मेसमध्ये किती अन्न वाया जातं, हे ताटाच्या फोटोवरून ओळखणारं ॲप आम्ही करत होतो. ताट रिकामं, थोडं उरलेलं की बरंच उरलेलं, एवढंच सांगायचं. प्रत्येक फोटो क्लाउडवरच्या एका सेवेकडे पाठवला. डेमो झकास झाला!

महिनाअखेर बिल आलं साडेनऊ हजारांचं. कार्ड रूममेटच्या मोठ्या भावाचं, त्याला नोकरी लागून जेमतेम दोन महिने झालेले. चूक आमचीच. एपीआय की कोडमध्ये ठेवून तो कोड सगळ्यांना दिसेल असा नेटवर टाकला होता. भलत्याच कुणीतरी ती वापरली. सहा जणांनी वर्गणी काढून चार महिन्यांत पैसे फेडले. त्यातून जे शिकलो, ते इथे देतोय.

१) आधी हिशेब करा. समजा ३०० मुलं, दोन वेळचं जेवण, म्हणजे दिवसाला ६०० फोटो, महिन्याला १८,०००. फोटोमागे १० पैसे धरले तरी १,८०० रुपये. ॲप जितकं जास्त चालेल, तितका खर्च वाढणार! मॉडेल फोनवरच चालवलं तर हा खर्च उरत नाही, नेट लागत नाही आणि फोटोही फोनबाहेर जात नाही.

२) तयार आहे ते वापरा. गूगलचं एमएल किट २०१८ साली आलं. बारकोड वाचणं, चेहरा शोधणं, छापील देवनागरी मजकूर ओळखणं ही कामं ते फोनवर फुकटात करतं.

३) शून्यापासून शिकवू नका. २०१७ सालचं मोबाइलनेट हे मॉडेल फोनसाठीच बनवलेलं आहे. लाखो चित्रांवर आधीच शिकलेलं मॉडेल घ्यायचं, शेवटचा थर काढून आपल्या तीन वर्गांचा नवा थर बसवायचा आणि फक्त तोच शिकवायचा. हेच ट्रान्सफर लर्निंग. आमचं काम काहीशे फोटोंत भागलं.

४) वजन उतरवा. पहिल्या मोबाइलनेटमध्ये सुमारे ४२ लाख आकडे आहेत. प्रत्येक आकडा ३२ बिटचा, म्हणजे साधारण १७ एमबी. तेच आकडे ८ बिटमध्ये साठवले की ४ एमबीच्या आसपास. याला क्वांटायझेशन म्हणतात. अचूकता थोडी कमी होऊ शकते, म्हणून आधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजा.

५) परीक्षा वेगळ्या पेपरवर घ्या. आम्ही सगळे फोटो दुपारी काढले होते. रात्री ट्यूबलाइटखाली ॲप पार गोंधळलं! ज्या दिवशीचे फोटो शिकवायला वापरले, ते तपासायला वापरू नका.

६) क्लाउड लागलंच तर की आपल्या सर्व्हरवर ठेवा. ॲपची फाइल उघडून आतली की काढता येते. प्रत्येक युजरला रोजची मर्यादा घाला. आणि बरं का, बजेट अलर्ट बहुतेक वेळा फक्त कळवतो, सेवा थांबवत नाही. त्यासाठी कोटा वेगळा लावावा लागतो.

आता आमचं ॲप फोनवरच चालतं, बिल शून्य. भावाला मात्र अजून कुणी कार्ड मागत नाही!