आधी हॉपर, मग चिमणी

बाबू, औष्णिक केंद्रात लागलास. आता मामाचं थोडं ऐकून ठेव. माझी तीस वर्षं राखेच्याच कामात गेली.

तुझ्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. आपल्या दगडी कोळशात शंभर टनांमागे तीस-चाळीस टन राख असते, आणि तिच्यातली बहुतेक धुराबरोबर वर निघते. तिला अडवणारी जागा एकच, ईएसपी, म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर. तिथे विजेच्या भाराने राख पत्र्यांना चिकटते, हातोड्यांच्या ठोक्यांनी खाली हॉपरमध्ये पडते. हॉपर वेळेवर रिकामा झाला नाही तर राख चढत चढत तारांना टेकते, ईएसपीचा तो कप्पा, म्हणजे फील्ड, ट्रिप होतं आणि पुढची सगळी राख चिमणीतून गावावर. म्हणून ड्यूटीवर गेल्या गेल्या चिमणीकडे बघू नको, आधी हॉपरखाली जा. नळीजवळ हात नेऊन ताप घे, हात लावू नको, भाजेल. राख वाहत असेल तर नळी गरम असते. थंड लागली की समज, वर राख अडली आहे. कंट्रोल रूमचा पडदा काहीही दाखवो. पहिल्या रांगेतले हॉपर आधी बघायचे, सगळ्यात जास्त राख तिथेच पडते. पावसाळ्यात झाकणाच्या फटीतून ओल शिरली की राखेची ढेकळं होतात, मग सळई घालूनही सुटत नाहीत. हॉपरचे हीटर चालू आहेत ना, हे मे महिन्यातच तपासून घे.

दुसरं तेलाचं. बॉयलरची पहिली आग तेलावर लागते. तेल नीट जळलं नाही तर काजळी पत्र्यांवर बसते, तिथे आग लागायची भीती, म्हणून त्या वेळी ईएसपी बहुधा बंद ठेवतात. सगळ्यात काळा धूर याच तासांतला. तो कमी करायचा तर युनिट पेटवायच्या आदल्या दिवशी बर्नरची टोकं साफ झालीत का ते स्वतः बघ. भोकातून ज्योत पाहा, लखलखीत हवी. शेपटी काळी दिसली तर बर्नर काढून घे, तसाच रेटू नको. फिल्टर उघडताना खाली तसराळं ठेव. सांडलेलं तेल पाण्याने ढकलू नको, वाळू किंवा भुसा टाकून उचल आणि ड्रममध्ये भर. नालीत गेलेलं तेल इरई नदीत पोचतं. त्याच नदीवरच्या धरणाचं पाणी केंद्रालाही लागतं आणि शहरालाही.

राखेच्या पाण्याची लाइन पायी फिरून बघ. राख पाइपच्या तळाशी घासते, म्हणून ठरावीक काळाने पाइप एक-तृतीयांश फिरवायचे असतात. हे काम पुढे ढकललं की तळ फाटतो आणि राख शेतात जाते.

उन्हाळ्यात कोळशाचे ढीग आपोआप धुमसतात, तो धूर कोणत्याच चिमणीच्या यंत्रात दिसत नाही. ढीग दाबून ठेवायचा, जुना कोळसा आधी उचलायचा.

२००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित औद्योगिक भागांच्या यादीत चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं आलं. ते वाचून मला रात्रभर झोप लागली नव्हती. कारण त्यात कोळसा, सिमेंट, कागद, सगळ्यांबरोबर आमच्या राखेचाही वाटा होता. आता गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज निघतंय, कोनसरीला कारखाना आलाय. उद्या तुझी पिढी तिकडेही जाईल, तिथेही हेच जपायचं.

एका केंद्रात फील्ड बंद पडलं की एक साहेब म्हणायचे, रात्रीचं कोण बघतो? मी तेव्हा गप्प बसलो, आणि सकाळी पोरांच्या वह्यांवर राख दिसली. तू गप्प बसू नको. फील्ड बंद पडलं की वेळ घालून रजिस्टरमध्ये लिही, आणि सही घे. वस्तीतल्या कोणी बाईने वाळत घातलेले कपडे काळे झाले म्हणून सांगितलं, तर तिला तारीख आणि वेळ विचार, मग कामावर जाऊन रजिस्टरची ती ओळ काढ.